हेराच्या वाटेवरचे ताट

इयान फ्लेमिंग यांनी जेम्स बाँड हा हेर निर्माण केला, तेव्हा त्याच्या खात्याला एक मुखवटाही दिला. लंडनमधील त्या कचेरीवर गुप्तहेर खात्याचे नाव नसते. तेथे ‘युनिव्हर्सल एक्सपोर्ट्स’ या निर्यात कंपनीची पाटी असते. म्हणजे जगातला सर्वांत गाजलेला काल्पनिक हेर कागदोपत्री एक व्यापारी आहे. ही युक्ती फ्लेमिंग यांची नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘वैदेहक’ म्हणजे व्यापाऱ्याच्या वेशातला हेर आहेच. व्यापारी कोठेही जातो, कोणाशीही बोलतो, दराची चौकशी करता करता गावाची चौकशी करतो, आणि त्याच्या येण्याजाण्याचे कोणाला नवल वाटत नाही. अमेरिकेत मिलवॉकी शहरात 1966 साली ‘सेफहाउस’ नावाचे हेरांच्या थाटाचे उपाहारगृह सुरू झाले. त्याच्या दारावरही ‘इंटरनॅशनल एक्सपोर्ट्स लिमिटेड’ एवढेच लिहिलेले. आत जाताना परवलीचा शब्द विचारतात. तो ठाऊक नसेल तर पाहुण्याला काहीतरी गमतीचे करून दाखवावे लागते.

व्यापारी घराण्यांतील मुलांना या हेरपटांचे आकर्षण वाटावे, यात म्हणूनच आश्चर्य नाही. आता हे आकर्षण पडद्यापुरते राहिलेले नाही. चित्रपटात दिसलेल्या डोंगरावर जाऊन यावे, किंवा आपल्याच गावातील सभागृहात हेरपटाचा देखावा उभारून मेजवानी द्यावी, असे बेत घराघरांत होऊ लागले आहेत. सहल की मेजवानी, हा प्रश्न वरवर खर्चाचा वाटतो. गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी तो उपस्थित झाला, तेव्हा प्रथम तो खर्चाचाच होता.

निमित्त होते दादाजी आणि दादीजींच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवाचे. दादाजींना हेरपटांचा नाद शाळेपासूनचा. 1967 साली आलेला ‘फर्ज’, त्यातला जितेंद्रचा एजंट 116, हे सगळे त्यांनी तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिलेले. पुढे बाँडपट आले. दुकानातील गल्ल्याच्या किल्लीला आजही 007 असे कोरलेली रिंग आहे आणि जुने गिऱ्हाईक त्यावरून त्यांची थट्टा करते. तेव्हा सुवर्णमहोत्सव बाँडच्या थाटात व्हावा, यावर घरात दुमत नव्हते. थाट कोणता, यावर मात्र दोन पक्ष पडले.

थोरल्या मुलाचे मत मेजवानीचे. गावातील मोठे सभागृह, प्रवेशद्वारी काळ्या सुटातील पोरे, आत खोट्या चिपांचे जुगाराचे टेबल, मार्टिनीच्या उभ्या निमुळत्या पेल्यांतून जलजिरा आणि कोकम सरबत, तीनशे पाहुणे, आठ वाजता जेवण. सजावट, वाद्यवृंद आणि ताटे मिळून हा खर्च आठ जणांच्या युरोप सहलीच्या निम्म्यापुढे जात होता. परंतु सगळे नातलग आणि व्यापारी संबंधातील मंडळी येणार, हा त्याचा मुद्दा निरुत्तर करणारा होता. पुण्यात सी.ए. करणाऱ्या नातीचे मत सहलीचे. “पप्पा, तीनशे लोक जेवून जातील आणि दादाजी रात्रभर हात जोडून उभे राहतील,” असे ती म्हणाली, आणि तेही खरेच होते. धाकट्या सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला: “मम्मीजी काय खाणार, आणि किती वाजता?” त्या वेळी कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

जुगाराच्या टेबलावरून मात्र त्याच दिवशी खटका उडाला. चिपा खोट्या असल्या तरी खेळ तोच ना, असे दादाजींनीच विचारले. हेरपटाचा नायक नीट पाहिला तर अवघड गृहस्थ आहे. आपल्याकडे जी सप्तव्यसने सांगितली आहेत, जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्री, त्यांतील फारच थोडी त्याने सोडली आहेत. त्याच्या वाटेने फिरायला हरकत नाही. त्याचे ताट आणि पेला घरच्या मंडपात मांडताना मात्र विचार करावा लागतो. पेल्यात जलजिरा आहे हे मोठ्यांना कळते. पाच वर्षांच्या पणतूला पेलाच तेवढा लक्षात राहतो.

नातीने सहलीचा जो तक्ता केला, तो एखाद्या हिशेबनीसाला शोभेल असा होता. पहिले स्थान स्वित्झर्लंडमधील शिल्टहॉर्न. समुद्रसपाटीपासून 2970 मीटर उंचीवरील या शिखरावर ‘पिझ ग्लोरिया’ हे फिरते उपाहारगृह आहे. 1969 च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या बाँडपटात खलनायकाचा अड्डा म्हणून ते दाखवले गेले. त्या वेळी इमारत अपुरी होती. चित्रपट कंपनीने आतील सजावटीसाठी पैसा पुरवला आणि बदल्यात चित्रीकरणासाठी जागा मिळवली. ‘पिझ ग्लोरिया’ हे नावही फ्लेमिंग यांच्या कादंबरीतले. ते त्या वास्तूला कायमचे चिकटले. व्यापारी माणसाने दाद द्यावी असाच हा सौदा: एकाचे काम पूर्ण झाले, दुसऱ्याला देखावा मिळाला, आणि अर्ध्या शतकानंतरही गिऱ्हाईक येतच आहे. दोरवाहिनीने वर जाताना मोटारींना बंदी असलेले म्यूरेन हे गाव लागते, आणि माथ्यावरून आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे समोर उभी असतात. मात्र ढग आले तर समोर फक्त पांढरी भिंत. तेथील लोक सकाळी माथ्यावरील कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहतात आणि मगच तिकीट काढतात. ही सवय पाहुण्यांनीही लावून घ्यावी. जवळपास तीन हजार मीटरवर हवा विरळ असते, तेव्हा रक्तदाब वा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून वर जाऊ नये.

आता ताटाचा विचार. स्विस डोंगरावरील न्याहारी म्हणजे पाव, चीज, अंडी आणि रोश्टी. रोश्टी बटाट्याची. ग्रुयेर, एमेंटाल ही तेथील पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेटने बनते, म्हणून दुधाची असूनही आपल्या कामाची नाही. बिर्शरम्यूस्ली हा ओट, सफरचंद आणि सुकामेव्याचा पदार्थ निरुपद्रवी वाटतो. पण जुन्या रीतीत ओट आदल्या रात्रीच भिजत घालतात, म्हणजे वासी न खाणाऱ्याला तोही वर्ज्य. राहते काय, तर ताजी फळे आणि दूध. याउलट घड्याळ मात्र आपल्या बाजूचे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्याला संध्याकाळ मोठी आणि निवांत मिळते. तीच सहल डिसेंबरात केली तर पावणेपाचच्या आत अंधारते आणि दुपारचे जेवण हेच रात्रीचे होते. परदेशी सहलीचा महिना निवडताना बर्फाची चौकशी सगळे करतात, सूर्यास्ताची कोणी करत नाही.

दुसरे स्थान थायलंडमधील फांगङा उपसागर. 1974 च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये ख्रिस्तोफर ली यांनी रंगवलेल्या खलनायकाचे बेट ते हेच. पाण्यातून खिळ्यासारखा वर आलेला को तापू हा सुळका वीसेक मीटर उंचीचा. बुडाशी बारीक, माथ्याशी रुंद. पायथा झिजू नये म्हणून 1998 पासून नौकांना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत. समोरच्या बेटाच्या किनाऱ्यावरून पाहावे लागते. नौकेच्या सहलीत दुपारचे जेवण बहुधा को पान्यी या खांबांवर वसलेल्या मच्छीमारांच्या गावात असते, आणि ते काय असेल हे सांगायला नको. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावरही माशाचा अर्क घातलेली भाजी समोर येऊ शकते. तेथे ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. चिनी परंपरेतील या आहारात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. फुकेतमध्ये दरवर्षी याच आहाराचा मोठा उत्सव होतो. मात्र बटाटा, मुळा, गाजर त्यांना चालते, म्हणून कंदमुळाची सूचना वेगळी द्यावी लागते. सूर्यास्त तेथे वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ घरासारखाच.

तिसरे इस्तंबूल. 1963 च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये दिसलेले सहाव्या शतकातील भूमिगत जलाशय, त्यातील 336 खांब, आणि कापड व्यापाऱ्याचे पाय आपोआप वळतील असा तेथील मोठा बाजार. याच चित्रपटात आगगाडीच्या भोजनडब्यातला तो प्रसंग आहे: सोबतीचा माणूस माशासोबत तांबडी वाइन मागवतो आणि तो सज्जन इंग्रज नसल्याची खूण तीच असते. श्रावकाच्या दृष्टीने मासा काय आणि वाइन काय, दोन्ही सारखेच. पण ताटावरून माणूस ओळखू येतो ही गोष्ट मात्र आपल्या घरांना नवी नाही.

तक्ता दादाजींना दाखवला. त्यांचे बोट शिल्टहॉर्नवर थांबले. मुलानेही अखेर मेजवानीचा आग्रह सोडला. जून ठरला. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढास 90 युरो, बोटांचे ठसे, बँकेची कागदपत्रे, हे सर्व नातीने अंगावर घेतले. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान तीन महिने उरलेली असावी असा नियम आहे, म्हणून तिने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. सात आले. दादीजींचा येईना. आज शोधते, उद्या शोधते, असे आठवडाभर चालले. शेवटी नातीनेच कपाट उघडले. पासपोर्ट साड्यांच्या घडीखाली होता, आणि त्याची मुदत 2021 सालीच संपली होती.

“दादी, तुम्ही सांगितलं का नाही? नवीन काढायला किती दिवस लागतात, ठाऊक आहे ना?”

“राहू दे, बेटा. गुडघे दुखतात. तुम्ही सगळे जाऊन या. तुझ्या दादाजींचं लहानपणापासूनचं मन आहे.”

“दादाजींना सोडून सुवर्णमहोत्सव तुम्ही घरी करणार?”

दादीजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझं दिशा परिमाण आहे.”

घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते. 2011 साली त्या भावाकडे दुबईला गेल्या होत्या. तो पासपोर्ट त्यासाठीच काढलेला. बुर्ज खलिफा नुकताच खुला झाला होता, टॉम क्रूझ त्याच्या काचांवरून चढतो त्या चित्रपटाची चर्चा होती, आणि भावाने हौसेने 122 व्या मजल्यावरील उपाहारगृहात सगळ्यांना नेले. पोहोचेपर्यंत खाली सूर्य मावळला होता. “इथे वर अजून दिसतोय, जेव,” असे भाऊ म्हणाला. तो अगदी चुकीचे बोलत नव्हता. इतक्या उंचीवर सूर्यास्त खरोखरच उशिरा होतो. त्याच वर्षी दुबईच्या मुफ्तींनी 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे उशिरा आणि 150 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असे सांगितले होते. त्या लोकांनी उंचीचा हिशेब संयम वाढवण्यासाठी केला. दादीजींना तो संयम कमी करण्यासाठी सांगितला जात होता. त्या जेवल्या नाहीत. सगळे जेवत असताना दीड तास समोर बसून राहिल्या. भावाचा चेहरा उतरला, वहिनींनी दोनदा ताट पुढे केले, मुलांनी घाईने खाल्ले. खोलीवर परतल्यावर भाऊ म्हणाला, “तुला आणायलाच नको होतं.” रागाने नव्हे, दुःखाने म्हणाला. पण वाक्य राहिले. परत आल्यावर त्या चातुर्मासात दादीजींनी साध्वीजींकडे नियम घेतला: भारताबाहेर जाणार नाही. कोणाला सांगितले नाही, कारण पुन्हा जाण्याचा प्रश्न येईल असे त्यांना वाटले नव्हते. आणि आता सांगितले असते तर सर्वांचा बेत मोडला असता.

ज्या घरात हेरपटांची एवढी हौस, त्या घरातील सर्वांत नीट सांभाळलेले गुपित स्वयंपाकघरात होते.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणे झाले, ते सुखाचे नव्हते. थोरल्या मुलाने मेजवानीच बरी होती असे सुनावले. त्यावर धाकट्या सूनबाईंनी शांतपणे विचारले की आठ वाजताच्या त्या मेजवानीत मम्मीजी जेवणार कधी होत्या. त्याला उत्तर नव्हते. घरातील कित्येक समारंभांत दादीजी पाचला एकट्याच जेवून मग नटूनथटून पाहुण्यांचे स्वागत करीत आल्या आहेत, हे सगळ्यांनी पाहिले होते आणि कोणीच मोजले नव्हते. दादाजी एवढेच म्हणाले, “पन्नास वर्षांत संध्याकाळचं ताट एकत्र किती वेळा झालं, याचा हिशेब माझ्याकडे नाही.” हिशेबाला चोख असलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आले, म्हणून घर गप्प झाले.

उदयपूरचे नाव नातीनेच काढले. 1983 चा ‘ऑक्टोपसी’ हा बाँडपट तेथलाच. पिछोला तलावातील जगनिवास महाल म्हणजे चित्रपटातील नायिकेचा तरंगता वाडा, शिवनिवास म्हणजे बाँडचे हॉटेल, आणि डोंगरमाथ्यावरील सज्जनगड म्हणजे खलनायक कमाल खानचा महाल. विजय अमृतराज त्यात रिक्षा हाकतात, कबीर बेदी खलनायकाचे अंगरक्षक आहेत. जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी 1740 च्या दशकात बांधला, सज्जनगड महाराणा सज्जनसिंहांनी 1884 मध्ये सुरू केला. चित्रपटाने त्यांच्याशी बरेच स्वातंत्र्य घेतले आहे: शिवनिवासात जुगाराचा अड्डा उघडला आहे, आणि ताजमहालही जाता जाता दाखवून टाकला आहे, जणू तो मेवाडच्या शेजारीच उभा असावा. घराण्याचे मूळ गाव मेवाडचे. उदयपुरात जैन भोजन मागावे लागत नाही, विचारले जाते. आणि जवळच रणकपूर, 1444 खांबांचे. तक्त्यात हे स्थान पहिल्या दिवशीच यायला हवे होते. आपल्या वाटेवरची गोष्ट यादीत शेवटी यावी, हा व्यापाऱ्यांच्या मुलांचाही दोष झालेला आहे.

चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्षात आठही जण गेले. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सज्जनगडावर लोक सूर्यास्त पाहायलाच जातात, आणि चौविहार करणाऱ्याला तीच जेवणाची वेळ. तेव्हा क्रम उलटा केला. चारला गावातच पाने मांडली: दाल, बाटी, गट्ट्याची भाजी, दादीजींनी घरून आणलेला मेथीचा खाखरा. आठही जण एका रांगेत बसले. धाकट्या नातवाला चार वाजता भूक नव्हती; त्याने कुरकुर केली आणि दोन बाट्या खाल्ल्या. मग पाणी पिऊन सगळे गडावर गेले. वर वारा होता. एका बाजूला फतेहसागर आणि पिछोला, दुसऱ्या बाजूला अरवलीच्या रांगांमागे उतरणारा सूर्य. दादीजींनी हात जोडून पच्चक्खाण घेतले. दादाजी कमाल खानच्या महालाच्या गच्चीवर दोन्ही हात मागे बांधून बराच वेळ फेऱ्या घालत होते. त्यांना तेवढ्यात काय काय आठवले असेल, हे कोणी विचारले नाही.

नातीच्या फोनमध्ये शिल्टहॉर्नच्या कॅमेऱ्याचे पान अजून आहे. काही सकाळी ती ते उघडून पाहते. बहुतेक वेळा ढग असतात.

उदयपुरातील तलावाकाठची काही उपाहारगृहे अनेक वर्षांपासून रात्री पाहुण्यांना ‘ऑक्टोपसी’ दाखवत आली आहेत. कुटुंबाने तो मुक्कामाच्या खोलीतच, नातीच्या लॅपटॉपवर लावला. दादीजी झोपायला जाणार असे सगळ्यांना वाटले होते. त्या शाल घेऊन बसल्या. रिक्षाच्या पाठलागाला त्या मनापासून हसल्या. फाशांच्या डावात कमाल खान लबाडी करतो, हे त्यांनी दादाजींच्या आधी ओळखले. मग कमाल खानच्या महालातील मेजवानी आली, आणि सेवकाने मेंढीचे भरलेले डोके बाँडपुढे ठेवले. नातीने घाईघाईने आजीच्या डोळ्यांवर हात धरला.

“हात काढ,” दादीजी म्हणाल्या. “आमच्या मेवाडात हे असलं कुणी वाढलं, ते मला बघू दे.”